सहावं नाव

वर्षातले दोन दिवस आमच्या घरी सकाळचा क्रम बदलतो. एरवी आधी चहा, मग पेपर आणि मग रक्तदाबाची गोळी. त्या दोन दिवशी ही आधी गोळी देते, ती मी गिळल्याची खात्री करून घेते आणि मगच पेपर हाती लागू देते. एक दिवस फिल्मफेअरची नामांकनं छापून येतात तो, आणि दुसरा ऑस्करची छापून येतात तो.

"कोण राहिलं?" मी पान उलटायच्या आत ती विचारते. पंगतीत वाढप्यानं विचारावं तसं. 'कोण कोण आलंय' असं तिनं आजवर एकदाही विचारलेलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एवढं पक्कं कळून चुकलंय, की यादीत जे आहेत त्यांच्याशी माझं काही देणंघेणं नसतं. मी यादी वाचतो ती तीत नसलेल्यांसाठी.

आता मला सांगा, हे असं का व्हावं? ज्या माणसाला मी पडद्याखेरीज कुठं पाहिलेलं नाही, ज्याच्या बंगल्याचा गुरखा मला फाटकाजवळ दोन मिनिटं उभं राहू देणार नाही, त्याला एक काळी बाहुली मिळाली नाही म्हणून माझ्या घशाखाली पोहे का उतरू नयेत? आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर चार दिवस पाणी चढत नव्हतं, तेव्हा मी अत्यंत शांतपणे म्हणालो होतो, "बघू, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ." त्या दिवशी पोहे व्यवस्थित उतरले होते. वर दह्याची वाटी मागून घेतली होती.

या दुखण्याची सुरुवात १९६७ सालची. गिरगावात आमच्या चाळीखाली एक केशकर्तनालय होतं आणि तिथं फिल्मफेअरचा अंक येत असे. अंक इंग्रजी, गिऱ्हाईक सगळं मराठी, त्यामुळे तो फक्त पाहिला जाई. त्या काळी मतं वाचकांनी द्यायची असत आणि त्याचा फॉर्म अंकातच छापलेला असे. मालक चहा प्यायला समोरच्या इराण्याकडे गेले, तेव्हा त्यांच्याच कात्रीनं मी तो फॉर्म कापून घेतला. आयुष्यातलं माझं पहिलं मतदान हे असं चोरीच्या मतपत्रिकेवर झालं. संगीताच्या रकान्यात मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: सचिनदेव बर्मन, 'गाइड'. तिकिटाचे पैसे आईच्या डब्यातले.

निकाल लागला. उत्कृष्ट चित्रपट 'गाइड'. दिग्दर्शक विजय आनंद. नट देव आनंद, नटी वहिदा रेहमान. आणि संगीत? 'सूरज'! शंकर-जयकिशन! म्हणजे लग्नात अख्ख्या वऱ्हाडाला आहेर आणि नवरीच्या आईच्या हातावर नुसता नारळ. 'सूरज'ची गाणी वाईट होती असं नाही, आंघोळीला मीही ती म्हणत असे. पण त्या रात्री मला झोप आली नाही. पंधरा वर्षांचा होतो. जगात अन्याय असतो हे मी साने गुरुजींच्या पुस्तकांतून वाचलं होतं, पण तो आपल्या चाळीखालच्या दुकानापर्यंत येऊन पोचतो हे तेव्हा कळलं. (कापलेल्या पानाबद्दल माझ्या धाकट्या भावाला दुकानात कान पिळून घ्यावा लागला, हा अन्याय त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.)

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. चार रकाने आखले: विभाग, मिळाला कोणाला, मिळायला हवा होता कोणाला, आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात 'अन्याय', 'घोर अन्याय' आणि 'शब्द नाहीत' अशा तीन पायऱ्या ठेवल्या. ही वही अजून माझ्याकडे आहे. म्हणजे तिची तिसरी बहीण आहे, पहिल्या दोन माळ्यावर आहेत.

या वहीची सगळ्यात जास्त टर उडवली ती आमच्या थोरल्या मामांनी. मामा पोस्टात सॉर्टर होते आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी त्यांच्याकडे एक कप्पा होता. त्यांचं म्हणणं, की बक्षीस ही टपाल वाटपासारखी गोष्ट आहे. कधी पत्र चुकीच्या दारी पडायचंच, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काय? पण हेच मामा 'मदर इंडिया'चा विषय निघाला की कप्पे विसरत. १९५८ साली ऑस्करच्या परभाषी चित्रपटांच्या शेवटच्या पाचांत 'मदर इंडिया' होता आणि फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'नं बाहुली नेली, हे खरं. ती एका मतानं नेली, ही दंतकथा. मामा ती शपथेवर सांगत. पुढं आयुष्यभर मला हे 'एक मत' नाना ठिकाणी भेटलं, लोकलमध्ये, लग्नात, एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत. प्रत्येकाला ते एक मत कोणाचं याबद्दल काहीतरी आतली बातमी असे. मामांचा संशय होता की आपल्या बाजूचा एक जण मतदानाच्या वेळी तपकीर ओढायला बाहेर गेला असावा.

मला वाटतं, माणसाला हरण्याचं दुःख नसतं. हरवणारा दिसत नाही याचं दुःख असतं. शेकडो लोकांना दुसरा चित्रपट अधिक आवडला, हे सहन होत नाही. एक तपकीरवाला असला की बरं वाटतं.

आता प्राणची गोष्ट. १९७३ साली 'बेईमान' चित्रपटासाठी प्राणला सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला आणि त्यानं तो घ्यायला नकार दिला. कारण? त्याच 'बेईमान'ला संगीताचाही पुरस्कार मिळाला होता आणि प्राणचं म्हणणं असं, की तो 'पाकीजा'साठी गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवा होता. म्हणजे आपल्याच चित्रपटाचं बक्षीस चुकीचं म्हणून या गृहस्थानं आपलं स्वतःचं परत केलं. आणि गुलाम मोहम्मद तर १९६८ सालीच गेलेले. 'पाकीजा' रखडत रखडत १९७२च्या फेब्रुवारीत पडद्यावर आला, तेव्हा त्यातली गाणी साऱ्या मुंबईच्या तोंडी झाली आणि ती बांधणारा माणूस चार वर्षांपूर्वीच मातीआड झालेला. उमेदीची कितीतरी वर्षं त्यांनी नौशादचे सहायक म्हणून काढली होती. राहिलेलं पार्श्वसंगीतही शेवटी नौशादनीच पुरं केलं.

योगायोग असा, की त्याच १९७३ साली तिकडे मार्लन ब्रँडोनं 'गॉडफादर'चं ऑस्कर नाकारलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना हॉलिवूड जसं रंगवतं त्याच्या निषेधार्थ. तो स्वतः समारंभाला गेला नाही, एका तरुणीला पाठवलं. साऱ्या जगानं त्याची चर्चा केली. आमच्या घरात मात्र प्राणच गाजला, कारण ज्या माणसाला पाहून आमची आई पडद्यासमोरसुद्धा पदर नीट करून बसत असे, त्यानं हे करावं!

"मेलेल्या माणसाला बाहुली काय करायचीय?" मामा म्हणाले. "आणि यानं परत केली म्हणून ती त्या गुलाम मोहम्मदला मिळाली का? नाही ना? मग हिशेब काय झाला? एक नाही मिळाली तिथं दोन नाही मिळाल्या."

हिशेब बिनतोड होता. मी नुसता तणतणत होतो. तेवढ्यात आतून, कढई घासता घासता आई म्हणाली, "दादा, तू दरसाल श्राद्धाला बाबांचं पान वाढतोस, ते काय बाबा येऊन जेवून जातात म्हणून?"

मामा गप्प झाले. पोस्टाच्या नोकरीत या पत्रासाठी कप्पा नसावा. मी त्यानंतर या विषयावर थोडंफार जड वाचन केलं, दोन-चार व्याख्यानंही ऐकली, पण कढईच्या आवाजात आलेल्या त्या वाक्याच्या पुढं कोणी मला नेलं नाही.

१९७६ साल. 'शोले'! मिनर्व्हा आमच्या घरापासून पायी वीस मिनिटांवर, आणि ती वीस मिनिटं मी इतक्यांदा चाललो की लॅमिंग्टन रोडवरची कुत्री भुंकेनाशी झाली. फिल्मफेअरची नऊ नामांकनं 'शोले'ला. अमजद खान सहायक अभिनेत्याच्या यादीत. मी ऑफिसात पेढ्यांची पैज लावली. निकाल लागला आणि चित्रपट 'दीवार', दिग्दर्शक 'दीवार', सहायक अभिनेता शशी कपूर, तोही 'दीवार'. 'दीवार' मला आवडला होता. पण अमजद खान! गब्बरसिंग! ज्याच्या नावानं आया पोरांना झोपवीत, हे चित्रपटातच नव्हे तर आमच्या चाळीतही खरं झालं होतं! वहीत मी सगळे रकाने ओलांडून आडवं लिहिलं: 'शोले – शून्य. शब्द नाहीत.' आणि पेढे वाटले.

हे शून्य लक्षात ठेवा. त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

मध्यंतरी माझ्या विचारात थोडी प्रगती झाली. नामांकनाच्या यादीत आधी तीन नावं असत, मग पाच झाली. मला वाटे, तिघांऐवजी पाच घेतले की अन्याय तेवढा कमी होईल. झालं उलटंच. तीन असताना मी चौथ्यासाठी रडत होतो, आता सहाव्यासाठी रडू लागलो, आणि सहाव्यासाठी रडणं जास्त कठीण, कारण तिथं दावेदार जास्त. ऑस्करवाल्यांनीही हाच प्रयोग केला. २००९ साली 'द डार्क नाइट' हा चित्रपट उत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत आला नाही म्हणून भलताच ओरडा झाला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी पाचाचे दहा केले. मग अकरावा ओरडू लागला. पंगत कितीही लांबवा, पान मांडता मांडता जागा संपते तिथं कोणीतरी उभा असतोच, आणि तो नेमका आपल्या ओळखीचा निघतो.

बरं, यादीत आलेला तरी सुखी असतो का? पीटर ओटूलचं उदाहरण घ्या. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'पासून सात वेळा नामांकन, सातही वेळा रिकाम्या हातानं घरी. शेवटी अकादमीनं त्याला मानाचं ऑस्कर देऊ केलं, तर हा म्हणे, जरा थांबा, मी अजून खेळात आहे. २००३ साली एकदाचं त्यानं ते घेतलं. आणि २००७ साली त्याला आठवं नामांकन मिळालं आणि तो आठव्यांदा हरला! हे वाचलं तेव्हा मी हसलो, मग मला वाईट वाटलं, मग वाटलं की वाईट वाटून घेणारा मी कोण? तो हरल्यावर बहुधा मजेत जेवला असेल. पोहे माझेच अडकले होते.

माझ्या या रागाची खरी जात मला कळली ती २०१७ साली. ऋषी कपूरनं आत्मचरित्रात कबूल केलं, की 'बॉबी'च्या वेळी आपण तीस हजार रुपये देऊन पुरस्कार मिळवला होता. ही म्हणाली, "तीस हजार! तेव्हा त्यात डोंबिवलीला जागा आली असती!" मी मात्र माळ्यावर चढलो. गुडघे दुखत असताना चढलो. वही काढली, १९७४चं पान उघडलं. 'अमिताभ – जंजीर – घोर अन्याय.' त्रेचाळीस वर्षांनी मी खरा ठरलो होतो! शिडीवर उभ्या उभ्या मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि मग जरा वेळानं, धूळ झटकताना, मनात आलं, की चौसष्ट वर्षांचा एक माणूस तरुणपणी केलेली चूक लाजत लाजत चारचौघांत सांगतोय, आणि आपल्याला आनंद होतोय. ज्या अमिताभसाठी मी इतकी वर्षं रडत होतो त्याची आठवण त्या आनंदात कुठंच नव्हती. तिथं होतो फक्त मी आणि माझा शेरा. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की १९६७ साली मला झोप लागली नाही ती बर्मनदांसाठी की माझा फॉर्म फुकट गेला म्हणून?

पण ही शंका काही पहिली नव्हे. तिच्या आधी एक प्रकरण घडलेलं आहे. ते मी सहसा सांगत नाही.

१९८४ सालची गोष्ट. आमच्या ऑफिसात एक टायपिस्ट होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. बावीस वर्षं ते कोपऱ्यातल्या एकाच टेबलापाशी बसून मराठी आणि इंग्रजी, दोन्ही यंत्रं चालवीत. ऑफिसचं एक हस्तपत्रक निघत असे, सायक्लोस्टाइल केलेलं. त्याचं स्टेन्सिल कापायचं कामही त्यांच्याकडेच. त्या वर्षीच्या अंकासाठी मी एक घणाघाती लेख दिला, 'पुरस्कारांचा बाजार' की काय असं नाव होतं. त्यात एक वाक्य असं: 'शोले'सारख्या चित्रपटाला एकही पुरस्कार मिळू नये, याहून मोठा अन्याय कोणता?

संध्याकाळी तात्या कागद घेऊन आले. "साहेब, एक जागा दुरुस्त केलीय. 'शोले'ला एक मिळाला होता. संकलनाचा. शिंद्यांना."

खरंच मिळाला होता. नऊपैकी एक, आणि तो माधव शिंद्यांना, उत्कृष्ट संकलनासाठी. लाखो फूट फिल्मच्या ढिगाऱ्यातून ज्या माणसानं ते सव्वातीन तास कापून आणि जोडून काढले, तो माणूस. गब्बरच्या पिस्तुलातल्या गोळ्यांत आणि ठाकूरच्या चेहऱ्यात किती क्षण जाऊ द्यायचे, हे ठरलं ते त्याच्या टेबलावर. मिनर्व्हात माझा श्वास जिथं जिथं अडकला, तो अडकवणारा हात त्याचा होता. मराठी माणूस, आणि मला नाव माहीत नव्हतं. बरं, माहीत झाल्यावर तरी मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अहो तात्या, संकलनाचं काय! ते कोणी धरत नाही."

तात्या "बरं" म्हणाले आणि वाक्य परत होतं तसं करायला घेऊन गेले.

त्याच महिन्यात ऑफिसच्या वर्धापनदिनासाठी 'उत्तम कर्मचारी' निवडायची टूम निघाली. पाच नावं सुचवायची, त्यातून एकाला साहेबांच्या हस्ते भिंतीवरचं घड्याळ. निवड समितीवर तिघं, आणि तरुणांचा प्रतिनिधी म्हणून त्यात मी. नामांकन काय असतं याचा ऑफिसात माझ्याइतका अभ्यास कोणाचा होता? मी दोन तास भांडलो. मागल्या वर्षी ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांची बाजू मांडली. स्नेहसंमेलनात किशोरकुमारची गाणी म्हणणाऱ्या आमच्या एका मित्राचं नाव पाचांत बसवलं. बाहेर आलो तेव्हा कॉलर ताठ होती. न्याय कसा करावा हे आपण दाखवून दिलं, असं वाटत होतं.

यादी टाइप करायला अर्थात तात्यांकडे गेली. अर्ध्या तासात ते घेऊन आले. "साहेब, तिसऱ्या नावाचं आद्याक्षर चुकलं होतं. ते नीट केलंय." मी सही केली आणि म्हणालो, "वा तात्या! तुमच्यावाचून या ऑफिसचं पान हलत नाही बघा."

हे वाक्य मी उच्चारलं, आणि तरीही मला काही कळलं नाही! ते कळलं वर्धापनदिनाला, चार दिवसांनी. प्रमाणपत्रांवरची नावं तात्यांच्याच अक्षरात होती, कारण ऑफिसात सगळ्यात सुरेख अक्षर त्यांचं. मी माझ्या मित्राचं प्रमाणपत्र हातात घेऊन 'काय अक्षर आहे!' असं म्हणत होतो आणि एकदम अंगावर काटा आला. समितीच्या बैठकीत आम्ही तात्यांचं नाव नाकारलं नव्हतं. त्यावर वाद झाला नव्हता, मत पडलं नव्हतं. ते कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोणी तपकीर ओढायला बाहेर गेलं नव्हतं. आम्ही तिघंही खुर्चीत बसलेले होतो.

या गोष्टीला अन्याय म्हणायचं का? मी पुष्कळ डोकं खाजवलं. दुष्टपणा म्हणावा तर मनात तसं काही नव्हतं. उलट तात्यांबद्दल प्रेमच होतं. पण मग फिल्मफेअरच्या मतदारांच्या मनात तरी बर्मनदांबद्दल काय वैर होतं? त्यांनाही त्या घडीला दुसरी धून आठवली, एवढंच. मी ज्यांना सतरा वर्षं वहीत शिव्या देत होतो ते सगळे माझ्यासारखेच सज्जन, खुर्चीत बसलेले, कॉलर ताठ असलेले लोक असणार, हे लक्षात आलं आणि ते फारच गैरसोयीचं होतं. दुष्ट माणसावर रागावता येतं. विसरलेल्या माणसावर रागवायचं तर आधी आपण काय काय विसरलोय ते मोजावं लागतं, आणि तेवढी मोठी वही बाजारात मिळत नाही.

मी ठरवलं, पुढच्या वर्षी पहिलं नाव तात्यांचं. पुढच्या वर्षी व्यवस्थापनानं घड्याळाच्या खर्चाकडे बोट दाखवून ही टूमच बंद केली.

तात्यांना तेव्हा काही बोललो नाही. काय बोलणार? प्राणकडे परत करायला निदान एक बाहुली होती. माझ्याकडे काहीच नव्हतं. १९९१ साली ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी लांबलचक भाषण केलं, लोक म्हणाले छान झालं. नंतर चहा पिताना त्यांना बाजूला घेतलं आणि एकदाचं बोलून टाकलं. म्हणालो, "तात्या, चौऱ्याऐंशी साली त्या यादीत तुमचं नाव असायला हवं होतं. आमच्या ध्यानातच आलं नाही. सात वर्षं मनात आहे."

तात्यांनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकर घातली. म्हणाले, "अहो साहेब, टायपिंगचं काय. ते कोणी धरत नाही."

आणि हसले. ते वाक्य त्यांना माझं म्हणून आठवत होतं, की सहजच तोंडून गेलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि आता विचारायला तात्या नाहीत. चेहरा मात्र अगदी निर्मळ होता. बशी संपवून त्यांनी विचारलं, "वही चालू आहे ना अजून? चालू ठेवा. ऑफिसात तुम्ही अमजद खानसाठी भांडायला लागलात की मी यंत्र थांबवून ऐकत असे. कोणीतरी भांडतंय, बरं वाटायचं."

त्या रात्री घरी येऊन मी १९७६चं पान काढलं. 'शोले – शून्य' यातल्या शून्यावर काट मारली, एक लिहिला, पुढं 'संकलन, मा. शिंदे' असं लिहिलं. माझं अक्षर वाईट. पान घाणेरडं दिसतं.

तेव्हापासून माझी यादी वाचायची रीत बदलली आहे. मी खालून वर वाचत येतो. संकलन, ध्वनी, वेशभूषा, छायालेखन, आणि नटनट्या शेवटी. वेशभूषेपाशी हटकून कोल्हापूरच्या भानू अथैया आठवतात. 'गांधी'साठी १९८३ साली ऑस्कर मिळवलेल्या बाई. ती बाहुली त्यांनी २०१२ साली अकादमीकडेच नीट सांभाळायला परत पाठवून दिली. आपल्यामागं तिचं काय होईल याची त्यांना खात्री वाटेना. मिळालेल्यांचीही काळजी वाटावी असं हे एकच प्रकरण माझ्या वहीत आहे. त्यापुढं शेरा लिहिलेला नाही, जागा कोरी ठेवली आहे.

परवा नात फोनवर यादी दाखवत होती. ती वरून सुरू करायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "थांब, आधी तळाशी जा." तिनं बोटानं सरकन् तळ गाठला. मी संकलनाची पाच नावं वाचली, चष्मा पुसला, परत वाचली, आणि सहावं नाव, जे तिथं असायलाच हवं होतं, ते नव्हतं. मी ओरडलो.

आतून ही पाण्याचा पेला घेऊन आली. "कोण राहिलं?"

मी नाव सांगितलं. तिनं ते कधी ऐकलेलं नव्हतं. नातीनंही नाही.

डॉक्टर म्हणतात, या वयात रक्तदाब वाढायला नको होता. पूर्वी मी चार-पाच विभागांवरून संतापत असे, आता अठरा-वीस झालेत, हे त्यांना कसं सांगणार? त्यांनी गोळी दुप्पट केली आहे.